पालथा पाव

दर शनिवारी दुपारी एक वाजता मी आमच्या गावातल्या मोठ्या माणसांची थुंकी मोरीत ओतते. सतरा वर्षं झाली. नोटरी दुक्लो दातांच्या फटीतून पिचकारी मारतात. औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई मादाम बेल्वाल रुमालाआडून हळूच सोडतात. सगळ्यांचं मिळून बादलीत जे साठतं ते जांभळं, कोमट, वर पावाचा चुरा तरंगणारं असतं. वाइन चाखायची यांची रीत अशी: तोंडात घोळवायची, डोळे मिटून तिच्यात पेअरचा आणि पावसाळी जंगलाचा वास शोधायचा, मग पचकन थुंकायचं. मला शिसारी येते. पण वाइनच्या दुकानातले ग्लास धुण्याचं काम माझ्याकडे आहे आणि बादली त्यातच आली.

असल्या माणसांत आमचा क्लोतेर माबिलो दर शनिवारी हौसेने यायचा.

क्लोतेर गावातला पाववाला. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून बापाच्या भट्टीपुढे उभा राहिला, तो आज एकोणसाठाव्या वर्षीही तिथेच आहे. लाकडावर भाजलेला दोन किलोचा गोल पाव, जाड करपट साल, आतून ओलसर आणि किंचित आंबूस. असा पाव लवार नदीच्या या काठाला दुसरीकडे मिळत नाही. बायको मिरेय सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी कॅनडात. पाववाल्याचं आयुष्यच उलटं, रात्रभर भट्टी, सकाळी दुकान, आणि गाव गप्पांना जमतं तेव्हा हा झोपतो. शनिवारी अकरा ते साडेबारा, एवढाच वेळ तो माणसांत असायचा. त्या दीड तासासाठी शेजारणीला दुकानावर बसवायचा, दाढी करायचा, पाव फडक्यात गुंडाळून स्वतः घेऊन यायचा आणि काउंटरच्या टोकाला उभा राहायचा. फार बोलायचा नाही. "ए जोझेत, आज बादली भरली का गं यांची?" एवढं मला विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

हा रिवाज मादाम ऑर्तांसने घालून दिला होता. दुकान तेव्हा तिचं होतं. पाव क्लोतेरचा, वाइन तिची. क्लोतेर वाइन थुंकत नसे. खिशातून साखरेचे दोन खडे काढून ग्लासात टाकायचा, पावाचा तुकडा त्यात बुडवायचा आणि चमच्याने खायचा. आमच्या आज्या-पणज्यांनी द्राक्षमळ्यात भर उन्हाळ्यात हेच खाल्लं. त्याला मिजो म्हणतात. नोटरींच्या बापानेही खाल्लं असणार, पण ते आता कोण कबूल करतंय!

चार वर्षांपूर्वी मादाम ऑर्तांसचे गुडघे गेले आणि दुकान पॅरिसहून आलेल्या तिबो रांकूरने घेतलं. माणूस दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. आल्या आल्या त्याने बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'दर शनिवारी, कारागिराच्या हातचा ताजा पाव.' लोकांना ते फार आवडलं. कारागीर मात्र रांकूरला डोळ्यांसमोर नको होता. क्लोतेरच्या बाहीला पीठ असायचं. त्याच्या ग्लासात चुरा असायचा.

एकदा रांकूरने कापायला सोपं म्हणून पाव पालथा ठेवला. क्लोतेरचा हात झटकन पुढे आला आणि त्याने पाव सरळ केला.

"पालथा नका ठेवू, मस्यू. पालथा पाव फाशी देणाऱ्याचा. पाववाले त्याच्यासाठी तसा बाजूला काढून ठेवायचे, म्हणजे दुसरं कोणी हात लावत नसे."

"अहो, फाशी देणारा कुठे राहिलाय आता?" रांकूर हसला.

"तो नसेल. पाव आहे ना."

आमच्याकडे लहानपणी याच गोष्टीसाठी प्रत्येकाने आईची चापट खाल्लेली आहे. म्हणून त्या दिवशी क्लोतेरच्या बाजूने सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

मागच्या सप्टेंबरात रांकूरकडे तूर शहरातून पाहुणे आले, हॉटेलांसाठी वाइन खरेदी करणारी एक बाई आणि तिचा नवरा. रांकूरने ठेवणीतल्या बाटल्या काढल्या. क्लोतेरने नेहमीसारखे साखरेचे खडे ग्लासात सोडले. बाईने ते पाहिलं आणि पाल अंगावर पडावी तसं तोंड केलं.

"साखर? यात?"

रांकूरचे कान लाल झाले. तो गोड आवाजातच बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मस्यू माबिलो, पुढच्या शनिवारपासून पाव मागच्या पायरीवर ठेवून जात जा. आत यायची तसदी घेऊ नका."

क्लोतेरने चमचा खाली ठेवला. आधी त्याने नोटरींकडे पाहिलं. त्यांच्या पोराच्या लग्नाला एकशे वीस माणसांचा पाव याने एकट्याने भाजला होता. नोटरी बाटलीवरची चिठ्ठी वाचू लागले. मादाम बेल्वालना पर्समध्ये काहीतरी सापडेना. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात बादली होती. मी बादलीत पाहिलं. आत त्यांची थुंकी होती आणि तिच्यात मला जणू काही वाचायचं होतं!

"बरं," क्लोतेर म्हणाला. ग्लासातलं उरलेलं चुऱ्यासकट प्यायला, तोंड पुसलं आणि गेला. पाहुणी बाई दुसऱ्या ग्लासात नाक खुपसून जंगल शोधू लागली.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. रांकूरचा राग होता, पण तो परका. त्याला चार वर्षांत आमचं काय कळणार? राग आमचा होता. तोंडात वाइन असली की आम्हाला शब्द सुचत नाहीत की काय?

पुढच्या शनिवारी अकराला थोडा वेळ असताना मी मागचं दार उघडलं. पायरीवर फडक्यात पाव होता. अजून गरम. फडकं सोडलं. पाव पालथा होता.

पंचेचाळीस वर्षं पाव भाजणाऱ्याच्या हातून हे चुकून होत नसतं. मी तो तसाच उचलला आणि तसाच फळीवर नेऊन ठेवला. सरळ केला नाही. म्हटलं, बघू दे सगळ्यांना.

सगळे जमल्यावर रांकूरने सुरी घेतली.

"थांबा," नोटरी म्हणाले. "हा असा कोणी ठेवला?"

"क्लोतेरने," मी म्हटलं. "असाच ठेवून गेलाय."

त्याने आम्हाला काय म्हटलंय ते सगळ्यांना कळलं होतं. मला खरंच बरं वाटलं. वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, बोलवा त्याला. आणि तेवढ्यात काचेतून मला तो दिसला. रस्त्यापलीकडे कारंज्यापाशी उभा होता. दाढी केलेली, केस पाण्याने बसवलेले, मिरेयच्या मयताला घातलेला कोट अंगात. तो निघून गेलाच नव्हता. दार उघडून "ये रे क्लोतेर" म्हणायचं, एवढंच काम होतं. पंधरा पावलं.

"म्हातारा रुसलाय वाटतं!" नोटरी म्हणाले आणि हसले. मग सगळेच हसले. सुटका झाल्यासारखे.

"त्यात काय एवढं," म्हणत मादाम बेल्वाल पुढे झाल्या. त्यांनी दोन बोटांनी पाव उलटवून सरळ केला, सुरीच्या टोकाने त्यावर क्रूस काढला, आजी काढायची तसा. "झालं. गेला दोष. कापा आता, गार होतोय."

रांकूरने कापला. साल कडकन फुटली आणि वास दुकानभर झाला. सगळ्यांचे हात एकदम पुढे आले. शी! घास तोंडात कोंबत "वा, क्लोतेरच्या हाताला तोड नाही" असंही म्हणाले ते.

आणि मी? मी सकाळपासून उपाशी होते. मीही एक तुकडा उचलला. खाल्ला. चांगला होता. चावता चावता वर पाहिलं तर क्लोतेर काचेतून माझ्याचकडे बघत होता. माझा गाल फुगलेला होता. मला धड गिळताही येईना आणि बादली हाताशी असून थुंकताही येईना. त्याने कोटाची बटणं लावली आणि तो भट्टीच्या रस्त्याला लागला.

त्यानंतरच्या शनिवारी मी घाईघाईने फडकं सोडलं. पाव सरळ होता. भांडायलाही त्याला आता आम्ही नको होतो.

मंगळवारी मी त्याच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं. आत दुसरं कोणी नव्हतं. त्याने अर्धा पाव कापला, कागदात गुंडाळला, माझ्यापुढे ठेवला.

"क्लोतेर, अरे, त्या दिवशी..."

पन्नास वर्षं मला 'ए जोझेत' म्हणणाऱ्या माणसाने हातावरचं पीठ झटकलं.

"आणखी काही हवंय का तुम्हाला, मादाम?"