द्वारकाच्या कागदावरच्या रेघा

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पनवेलला दिलेल्या माझ्या मुलीला नाही, भावाला नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही गिळलं. तुम्ही माझे कोण? कोणी नाही — म्हणून तुम्हाला सांगतो. शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका होतील, त्या असू द्या.

मी कासूजवळच्या वाडीतला. पेणला गणपतीच्या कारखान्यात जन्म गेला. मूर्तीचे डोळे आखायचं काम. श्वास धरला की रेघ केसासारखी यायची. बायको द्वारका, रोह्याकडची. तिच्या भावाला शाळेत घातलं, तिला गुरांमागे धाडलं. आणि मी चौथी पास, म्हणजे वाडीत शिकलेला. नोटीस आली, कंपनीचं पत्र आलं, की लोक माझ्या ओटीवर. मी चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचायचो. ते मला आवडायचं. फार आवडायचं.

मग पेणच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई अंगणवाडीत बायकांना वाचायला शिकवू लागल्या. द्वारकाची पन्नाशी उलटलेली. जा गो, तेवढाच वेळ जाईल, असं मीच म्हटलं. दोन वर्षांत ती वाचू लागली, तेव्हा बाईंनी नवं काढलं. चार-पाच ओळींचा उतारा द्यायच्या, गोष्टीचा नाही, माहितीचा. त्यात मुख्य सांगणं कुठलं, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. द्वारका एकेक वाक्य बोटाने झाकून बघायची. ते झाकल्यावर बाकीचं उभं राहिलं, तर ते मुख्य नाही. सगळं ढासळलं, तर तेच. ही युक्ती तिची स्वतःची.

एकदा तिने मलाच उतारा दिला. खाडीच्या बांधाचा. खेकडे बांधाला भोकं पाडतात, एका भोकाने बांध फुटतो, शेतात खारं पाणी येतं, म्हणून उधाणाच्या आधी बांध तपासावा. ओटीवर शेजारचा पांडू होता, दोन बायका होत्या. मी वाचलं आणि म्हटलं, हे खेकड्याचं सांगतायत.

द्वारका हसली. वाईट मनाने नव्हती हसली — पण हसली. "अवो, खेकडा पाव्हणा आलाय नुसता. घर बांधाचं हाय. बांध तपासा, येवडंच सांगायचंय त्यास्नी."

बायका पदरात तोंड घालून खिदळल्या. मीही हसलो. आतून काय झालं ते माझं मला माहीत.

त्यानंतर लोक नोटिसा घेऊन यायचे ते तिच्याकडे. पांडू तर तोंडावर म्हणाला, "दादा, तुमी ऱ्हावा. तुमी आख्खं वाचता न् हातात काय लागत नाय. वयनीला बलवा." ती भाकरी थापता थापता कागद बघायची, एका वाक्यात सांगायची, परत तव्याकडे वळायची. मी तिथेच बसलेला असायचो, चष्मा लावून. दुसऱ्या पुरुषावरून बायकोवर जळणारे बघितलेत. मी तिच्या डोक्याचा हेवा केला. याला काय म्हणायचं? नाव असेल तर मला ठाऊक नाही.

पुढे बाईंनी ठरवलं, रोह्याकडे असाच वर्ग काढायचा. शिकवायला इथे शिकलेल्या बायकांतलीच एक जण, आठवड्यातून दोन दिवस, कासूहून गाडीने. आणि वर्ग कुठे? द्वारकाच्या माहेरच्या गावात. ज्या गावाने तिला गुरांमागे धाडलं तिथे ती बाई म्हणून जाणार. नेमण्याआधी परीक्षा — दहा उतारे, घरून सोडवून आणायचे. तिने दोन दिवस लावले. ट्रंकेतली जांभळी साडी काढून उन्हात टाकली. ती साडी मी बघितली.

कागद बाईंकडे पोचवायला तिने माझ्याकडे दिले. मी रोज पेणला जायचोच.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात मी एकटा. समोर ओळीने गणपती, डोळे आखायचे राहिलेले. तेवढं एक बरं होतं. मी कागद काढले. दहाही बरोबर असणार हे मला माहीत होतं, म्हणून तर काम सोपं — तिची रेघ सोडून कुठलीही चालली असती. सहा ठिकाणी खोडलं. सहा ठिकाणी भलत्याच वाक्याखाली रेघ मारली. तिची रेघ वाकडी, दाबून मारलेली. तशीच यावी म्हणून हात मुद्दाम थरथरवला. चाळीस वर्षं ज्या हाताला थरथरू दिलं नाही, तो हात. मग कागद पोचवून आलो.

बाईंनी दुसरीला नेमलं. द्वारकाला कागद परत दिले, घाई झाली असेल म्हणाल्या. ती उंबऱ्यावर बसून ते बघत राहिली. एकेक रेघ बोटाने चाचपली. मग मला विचारलं, "अवो, ह्या रेघा मीच मारल्या?"

तेव्हा सांगता आलं असतं. ती समोरच बसली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "कागद तुझेच ना? मग कोनी मारल्या?"

"व्हय," म्हणाली. "मंग डोकंच चालत नाय आता माझं."

झालं. कागद फाडले नाहीत, रडली नाही. फक्त वाचणं सोडलं. कोणी नोटीस घेऊन आलं की म्हणायची, त्यांना इचारा, मला भरवसा नाय. लोक परत माझ्याकडे येऊ लागले. आणि मला — लिहायला हात अडतो — मला बरं वाटलं. वर्षानुवर्षं बरं वाटत राहिलं.

गेल्या साली तिच्या पोटात दुखणं निघालं. आता इलाज नाही, हे डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. इस्पितळातून घरी सोडलं तेव्हा कागद दिला, मराठीत. भात मऊ खावा. पाणी उकळून प्यावं. दुखलं तर ही गोळी. आणि मधेच एक वाक्य — नातेवाईकांना आजाराची पूर्ण कल्पना दिली आहे. रिक्षात तिने तो कागद न बघता माझ्या हातात ठेवला. "तुमीच वाचा. मुद्द्याचं काय ते सांगा."

पूर्वीची द्वारका असती तर? बोट ठेवून एकेक वाक्य झाकलं असतं. भाताचं झाकलं असतं, पाण्याचं झाकलं असतं, त्या एका वाक्यावर थांबली असती. मग तिने ठरवलं असतं काय करायचं, कोणाला भेटायचं. तिचं मरण तिला कळलं असतं.

मी म्हटलं, पाणी उकळून प्यायचं.

ती रोज पाणी उकळून प्यायली, न चुकता. पौषात गेली. जायच्या आदल्या दिवसापर्यंत म्हणत होती, बरं वाटलं की शिमग्याला माहेरी जाऊन येऊ. मी व्हय म्हणत होतो.