प्रार्थनेत न घेतलेलं नाव

शुक्रवारी सकाळी नगरच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी तीनदा पिशवी उघडून बघितली. पवित्र शास्त्र होतं, चष्म्याचं घर होतं, बायकोनं बांधून दिलेल्या भाकऱ्या होत्या, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी दिलेलं ते पत्रही होतं. पत्र विसरलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात येऊन गेलं आणि लगेच त्याची लाज वाटली. चाळीस वर्षं मी मिशनच्या शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. वऱ्हाडात बुलढाणा जिल्ह्यात, सुलतानपूरजवळच्या एका खेड्यात, आपली लहानशी मंडळी आहे. तिथे रविवारच्या उपासनेत सरकारनं तुरुंगात टाकलेल्या लोकांची नावं घेतात, अशी तक्रार आली आहे. जाऊन पाहावं आणि लिहून कळवावं. तक्रार खरी निघाली तर तिथल्या उपदेशकाला काढणार, हे मला तोंडी सांगण्यात आलं. उपदेशक म्हणजे शांतवन मास्तर, माझाच जुना विद्यार्थी. त्याला बायको आणि तीन लेकरं, आणि राहायचं घर मंडळीचंच. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या गावानं सोसायचं तेवढं सोसलं आहे.

मलाच का पाठवलं, हे उघड होतं. अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहावं असं शास्त्र सांगतं आणि मी ते अक्षरशः पाळतो. पावसाळ्यात पुढाऱ्यांना धरल्यापासून रोजचं वर्तमानपत्र म्हणजे जिवाला घोर झाला होता. कुठे रूळ उखडले, कुठे तारा तोडल्या. तिकडे जपानी ब्रह्मदेशात येऊन बसलेले. हा देश माझाही आहे, पण त्याच्यावरचं प्रेम पोस्ट जाळून दाखवायचं, हे मला कधी पटलं नाही. माझा मुलगा प्रभाकर मात्र कॉलेज सोडून मिरवणुकीत गेला आणि तिथून तुरुंगात. त्या दिवसापासून मी घरच्या सकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेणं बंद केलं. त्याचं नाव यायच्या जागी बायको अजून श्वास रोखून थांबते. मी पुढे जातो. पंचांना हे ठाऊक होतं आणि त्यांच्या लेखी ते माझं भूषण होतं.

मनमाडला गाडी बदलून संध्याकाळी जालन्याला उतरलो आणि एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. शनिवारी पहाटे मोटार मिळाली. पेट्रोलचा दुष्काळ, त्यामुळे ती कोळशावर चालणारी. मागे भट्टी बांधलेली, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. निजामाची हद्द संपून वऱ्हाड लागतं तिथे नाक्यावर झडती झाली. शिपायानं माझी पिशवी उलटी केली. भाकऱ्या नेमक्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि त्या पानावर नेमकी तारा तोडल्याची बातमी.

"हे काऊन बाळगता, बुढेबाबा?" त्यानं विचारलं.

"भाकरी बांधायला."

"दुसरा कागद नोयता भेटत?"

राजासाठी दर रविवारी प्रार्थना करणारा मी, आणि उभा होतो चोरासारखा. त्यानं पान काढून घेतलं, भाकऱ्या माझ्या हातावर ठेवल्या आणि जा म्हणाला. पुढे सिंदखेडपर्यंत मी त्या भाकऱ्या तशाच उघड्या मांडीवर धरून बसलो होतो.

बीबी गावाच्या अलीकडे मोटारीनं मान टाकली. ड्रायव्हर म्हणाला, आता उद्याच. उद्या रविवार. शब्बाथाच्या दिवशी मी प्रवास करत नाही, आजवर केलेला नाही. तेव्हा पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागलो. दोन्ही अंगाला कपाशी फुटलेली, तुरींना पिवळी फुलं आणि शेंगा एकदमच लागलेल्या. एरवी मी थांबून बघितलं असतं. तासाभरानं मागून एक छकडा आला. हाकणारे पांढऱ्या दाढीचे रहीमभाई, सुताच्या लडी घेऊन सुलतानपूरला निघालेले विणकर.

"पैदल काऊन चालून राह्यले? बसा, बसा. कोणाकडे?"

मी शांतवन मास्तरचं नाव सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बैलांना हाक दिली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मास्तर भला मानूस हाये. त्याले सांभाळा." मग म्हणाले, "एक पुसू का? तुमी साहेबाच्या धर्माचे. उद्या साहेब गेला, तं तुमचं कसं?"

"आमचा धर्म साहेबाचा नाही, येशूचा आहे," मी म्हणालो. शाळेत शंभरदा दिलेलं उत्तर. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"तसं असन तं मंग भ्याचं काय काम?" रहीमभाई म्हणाले, आणि कनवटीची चुन्याची डबी काढली. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. मला मात्र तो प्रश्न गाव येईपर्यंत टोचत राहिला.

दिवस मावळायच्या आत पोचलो. शांतवननं पाया पडायला वाकून माझी पिशवी घेतली. कानशिलावर त्याचे केस पिकले होते. त्याच्या बायकोनं, रूथबाईनं, कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेली), वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लेकरं हसली, आईनं त्यांना घाईनं दटावलं, आणि मी कशाला आलो आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, हे मला तेव्हाच कळलं. रूथबाई मला पुन्हापुन्हा भाकरी वाढत होती.

जेवण झाल्यावर शांतवन स्वतःच म्हणाला, "गुरुजी, मी राजाले वगळलं नाही. राजासाठी प्रार्थना होते. त्याच्या मांगून आमच्याकडे एक रीत हाये. ज्याचं माणूस दूर हाये, तो त्याचं नाव घेते. योहान फौजेत, ब्रह्मदेशात हाये, त्याचा बाप त्याचं नाव घेते. तसंच किसनचं."

किसन हा गावातल्या एका कुणब्याचा मुलगा, ख्रिस्ती नव्हे. तारा तोडल्या म्हणून तुरुंगात गेला. त्याच्यापायी गावावर दंड बसला, तेव्हापासून गावात कुणी त्याचं नाव काढत नाही. आईसमोर तर नाहीच. आई एक दिवस मंडळीच्या दारात येऊन बसली, नावं ऐकली आणि शांतवनला म्हणाली, माझ्या लेकाचंही घ्या. ती मंडळीतली नाही, म्हणून तिच्या वतीनं ते उपदेशकानं घ्यायचं, असं ठरलं.

"फौजेतला आणि तुरुंगातला, दोघं एका प्रार्थनेत?" मी विचारलं.

"दोघंही गावचेच न जी," तो म्हणाला.

मी त्याला बरंच सुनावलं. घर जाईल, लेकरं उघड्यावर पडतील, मंडळीवर डाग लागेल. तो ऐकून घेत होता. शेवटी मी सांगितलं, उद्याची उपासना मी चालवतो. रीत कशी असावी ते लोकांना दिसू दे. मनात असंही होतं की नाव घेतलंच गेलं नाही, तर तसं लिहायला मी मोकळा. खोटंही नाही आणि कुणाचं वाईटही नाही. या युक्तीवर मी जरा खूशच होतो.

मंडळीचं प्रार्थनेचं घर म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांबट खोली, वर कौलं, खाली चटया. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. उंबऱ्याबाहेर, डोक्यावरून पदर घेऊन, एक बाई बसली होती. मी गीत सांगितलं, वाचन केलं, आणि राजासाठी मोठ्यानं, एक शब्द न गाळता प्रार्थना केली. मग म्हणालो, आमेन.

कुणी आमेन म्हटलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेलेच. क्षणभर मला हा उद्धटपणा वाटला. मग एक म्हातारा म्हणाला, "योहान. ब्रह्मदेशात." बायांतून आवाज आला, "सारा. नागपूरले, दवाखान्यात." आणि पुन्हा सगळं शांत.

आता सगळे माझ्यासाठी थांबले होते. शांतवन माझ्या बाजूलाच होता, पण चालवणारा मी, म्हणून तो बोलेना. ही शांतता माझ्या ओळखीची होती. माझ्या घरात रोज सकाळी ती असते, आणि रोज मीच ती मोडून पुढे जातो. मी डोळे उघडले. त्या खोलीत आणखी एकाच माणसाचे डोळे उघडे होते. उंबऱ्याबाहेरची बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. तेवढ्यात नाव माझ्या डोक्यातून साफ गेलं. आदल्या संध्याकाळीच ऐकलेलं नाव! मी ते लक्षात ठेवायच्या इराद्यानं ऐकलंच नव्हतं.

प्रार्थनेच्या मध्ये बोलणाऱ्या पोरांच्या हातावर मी आयुष्यभर छड्या मारल्या आहेत. तरी मी विचारलं, "बाई, मुलाचं नाव काय?"

"किसन, बाप्पा," ती म्हणाली. "किसन."

"किसन," मी म्हणालो. "तुरुंगात." आणि मग सगळी खोली आमेन म्हणाली.

सोमवारी शांतवन मला लोणारला घेऊन गेला. परतीची मोटार तिथूनच होती. सरोवराच्या काठावर उभं राहिलं की खाली गर्द झाडी दिसते, मध्ये हिरवट पाणी, आणि वाऱ्याबरोबर खाऱ्या चिखलाचा उग्र वास येतो. लोक पाण्याविषयी पुष्कळ कथा सांगतात. मला त्या खऱ्या वाटत नाहीत, पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. रूथबाईनं बांधून दिलेल्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा आम्ही काठावर बसून सोलल्या.

"काय लिहाल, गुरुजी?" त्यानं शेवटी विचारलं.

"झालं ते लिहीन."

त्याचा चेहरा उतरला.

जालन्याला गाडी यायला वेळ होता, तेव्हा फलाटावरच अहवाल लिहिला. राजासाठी प्रार्थना होते. त्यानंतर दूरच्या माणसांची नावं घेतात, त्यात तुरुंगातल्याचंही घेतात. या खेपेला ते नाव शांतवन मास्तरांनी नव्हे, मी स्वतः घेतलं. त्यांना काढायचं असेल तर आधी मंडळीच्या यादीतल्या माझ्या नावावर काट मारावी. सही केली. पाकीट मनमाडला पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, परत काढता आलं तर. मी असाच आहे.

सकाळी घरी पोचलो. बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं. आम्ही प्रार्थनेला बसलो. देशासाठी, राजासाठी, मंडळीसाठी मागितलं. ती जागा आली. तिचा श्वास थांबला. प्रभाकर चुकला, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

"प्रभाकर," मी म्हणालो. "तुरुंगात."

पंचांचं उत्तर अजून यायचं होतं, शांतवनचं घर राहतं की जातं ठाऊक नव्हतं. मी कसाबसा आमेन म्हणालो. तिनं म्हटलं नाही. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "थंडी पडलीय. त्याच्याकडे घोंगडी आहे का, ते आधी लिहून विचारा."

मी दौत घ्यायला उठलो.