नकाशात नसलेला थांबा

आधीच सांगते, या सदरातले न उलगडलेले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळी होते. वारा असेल, उंदीर असेल, ताप असेल... त्यामुळे माझं हे वाचून कुणी तसंच म्हणालं तर मला राग येणार नाही.

मी सोलापुरात एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. कॉम्प्युटरवर एकेक चौकोन भरून नक्षी तयार करायची, मग ती मागावर जाते. मोराच्या मानेत एक ठिपका चुकला तर तो प्रत्येक चादरीत चुकलेलाच उमटतो, आणि कुणी चुकवला हे फाइल उघडली की कळतं. स्क्रीनवर जे दिसतं ते कुणीतरी तिथे घातलेलं असतं — एवढं तरी मी खात्रीने सांगू शकत होते.

माझे वडील, अण्णा, एसटीचे ड्रायव्हर होते. मूळचे करकंबचे, पण सगळी नोकरी सोलापुरात गेली आणि त्यातली बरीच वर्षं सोलापूर-मंगळवेढा याच रस्त्यावर. रिटायर झाल्यावर जुळे सोलापूर भागात आमच्याकडेच राहायला आले. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हात, पाय, थोडी जीभसुद्धा. जिवावरचं निभावलं, पण माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. आई रडायची, मी चिडायची. त्यांना बरं व्हायचंच नाही, असं काहीतरी मला जाणवत होतं, पण कारण कळत नव्हतं.

मॅडमनीच एकदा सुचवलं की ड्रायव्हर होते ना, मग गाडी चालवायचा एखादा गेम देऊन बघा. मी बस चालवायचा एक गेम विकत घेऊन लॅपटॉपवर टाकला. गेम सुंदर होता, पण तो चालवायला दोन्ही हात धडधाकट लागत. स्टिअरिंग डाव्या हाताच्या बटणांवर, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर उजव्या. सेटिंग्जमध्ये गेले तर आवाज कमी-जास्त करता येत होता, चित्र स्पष्ट-अस्पष्ट करता येत होतं, बसचा रंग बदलायला तर चाळीस पर्याय. फक्त बटणांची जागा बदलता येत नव्हती. मी कंपनीला पत्र लिहिलं. छान उत्तर आलं, तुमची सूचना आम्ही नोंदवली आहे म्हणून. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

मग गेम खेळणाऱ्यांच्या एका फोरमवर विचारलं. तिथे सगळ्यांचं एकच म्हणणं — ताई, कंपनीची वाट काय बघताय, मोड टाका. मोड म्हणजे कंपनीने नव्हे, खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी हौसेने बनवलेली फाइल. ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की गेम बदलतो. पोलंडमधल्या एका माणसाने एका हाताने खेळण्याचा मोड बनवला होता. त्याचा स्वतःचा हात अपघातात गेला होता, म्हणून त्याला सुचलं. त्याचे उपकारच, पण मला ते पटत नव्हतं. माझ्या वडिलांनी बस चालवायची की नाही हे कुणा परक्या माणसाला रविवारी वेळ मिळाला की नाही यावर का अवलंबून असावं? आणि गेमचं अपडेट आलं की मोड बंद पडायचा. पंधरा पंधरा दिवस अण्णा नुसते स्क्रीनकडे बघत बसायचे. फोरमवर मी यावरून पुष्कळ भांडले आहे, तिथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल.

त्याच भांडणात लातूरच्या एका गृहस्थांची ओळख झाली. ते बँकेत नोकरीला आहेत आणि सुट्टीच्या दिवशी महाराष्ट्रातले रस्ते या गेमसाठी बनवतात. मी अण्णांबद्दल लिहिलं, तर दीड महिन्याने त्यांनी चक्क सोलापूर-मंगळवेढा रस्ता बनवून पाठवला. लाल बस, मराठी पाट्या. वीस मिनिटांत पार होईल एवढा आखडलेला रस्ता. सोलापूर स्टँड, तिऱ्हे, कामती, बेगमपूर, माचणूर, मंगळवेढा — एवढेच थांबे. मधे नुसती शेतं आणि एकसारख्या बाभळी.

अण्णांनी तो पहिल्यांदा चालवला तेव्हा आई शेजारी उभी होती. तिऱ्ह्याची पाटी दिसली आणि अण्णा म्हणाले, "आलं की." झटक्यानंतर चार महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेले ते पहिले शब्द.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला, अंघोळ-नाष्टा झाला की अण्णांची गाडी सुटायची. मी कामाला जायच्या आधी थोडा वेळ बघत बसायची, सुट्टीच्या दिवशी पूर्ण. त्यामुळे एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. कामती सोडल्यावर, बेगमपूरच्या अलीकडे, अण्णा रोज एका ठिकाणी गाडी थांबवायचे. तिथे थांबा नव्हता. दार उघडायचे, थोडं थांबायचे, दार लावून पुढे. थांबा नसताना थांबलं की त्या गेममध्ये गुण कापले जातात. मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, असू दे.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका रविवारी मी शेजारी बसून भाजी निवडत होते. गेममध्ये वरच्या कोपऱ्यात प्रवाशांचा आकडा दिसतो. कामतीहून निघाल्यावर तो चौदा होता. अण्णांनी त्यांच्या जागी गाडी थांबवली, दार उघडलं... आणि चौदाचे पंधरा झाले. बसच्या पायरीवर कुणी चढताना दिसलं नाही, काही आवाज नाही. नुसता आकडा बदलला. अण्णांनी दार लावलं आणि गाडी इतकी हळू उचलली, जणू कुणीतरी अजून सीटपर्यंत पोचायचं होतं. मंगळवेढ्याला सगळे उतरले, आकडा शून्य.

भीती वगैरे वाटली नाही. मला वाटलं, मोडमध्ये बग आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मी स्वतः चालवून पाहिलं. तीच जागा, तसंच दार उघडलं, पाच मिनिटं थांबले. आकडा हलला नाही. आईला बसवलं, तिच्या हातूनही नाही. अण्णा बसले की मात्र एक प्रवासी वाढायचाच.

लातूरच्या गृहस्थांना मी रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग फोनच केला. त्यांनी सगळी फाइल ओळन् ओळ तपासली होती. त्या जागी रस्ता आणि बाभळीशिवाय काहीच नव्हतं. ज्या जागी थांबा नाही तिथे प्रवासी चढवण्याची सोय मूळ गेममध्येच नव्हती. ते जरा अवघडून म्हणाले की ताई, हे मी घातलेलं नाही, आणि घालायचं म्हटलं तरी मला जमणार नाही.

त्या संध्याकाळी मी अण्णांना विचारलं की तिथे कोण चढतं. मग दोन दिवस, तुकड्या तुकड्याने, त्यांनी जे सांगितलं ते आईलासुद्धा माहीत नव्हतं.

तीसेक वर्षांपूर्वी त्या जागी एक बाई उभी राहायची. रस्त्यापासून आत कुठेतरी तिची वस्ती. नवरा मंगळवेढ्याला दवाखान्यात होता आणि ती रोज त्याचा डबा घेऊन जायची. तिथे थांबा नव्हता, पण अण्णा महिनाभर तिच्यासाठी गाडी थांबवत राहिले. ते तिला मावशी म्हणायचे, नाव कधी विचारलं नाही. एके दिवशी गाडीत तपासणीचे साहेब बसले होते. अण्णांची नोकरी तेव्हा पक्की झालेली नव्हती. त्यांनी गाडी थांबवली नाही.

"आरशात दिसत हुती," अण्णा म्हणाले. "डबा धरून पळत हुती गाडीमागं."

दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. तिसऱ्याही दिवशी नाही. नंतर कधीच नाही. अण्णांनी मनाशी ठरवून टाकलं की तिचा नवरा त्याच दिवशी गेला असणार आणि तिची शेवटची भेट आपल्यामुळे हुकली. मग त्यांनी डाव्या हाताने उजव्या मांडीवर थापटलं.

"ह्योच पाय. ब्रेकवर गेला न्हाई त्या दिवशी. आता कुटंच जात न्हाई."

मला तेव्हा कळलं, मॅडम आल्या की हे भिंतीकडे का वळत होते. झालं ते योग्यच झालं असं त्यांना वाटत होतं. तीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर जेवत होता, माझ्या लग्नात हसत होता, आणि मला काही पत्ता नव्हता.

पुढच्या रविवारी मी अण्णांना गाडीत बसवून खऱ्या रस्त्याने निघाले. रस्ता आता रुंद झालाय, जुन्या खुणा राहिल्या नाहीत. तरी कामतीच्या पुढे एका ठिकाणी अण्णांनी डावा हात वर केला आणि मी गाडी कडेला घेतली. जवळच्या चहाच्या टपरीवर चौकशी केली. टपरीवाल्याला डब्याची गोष्ट माहीत नव्हती, पण आतल्या वस्तीवरचे एक म्हातारबाबा तिथे बसले होते, त्यांना माहीत होती. ती शेवंताबाई, म्हणाले. आता मंगळवेढ्यात लेकीकडे असती.

म्हणजे जिवंत आहे. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काहीच दिसेना.

लेकीचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारातच शिवणाचं मशीन, आत अंथरुणावर ऐंशीच्या पुढची एक बारीकशी म्हातारी. लेक म्हणाली की आईची नजर गेली आहे, दोन वर्षांत घराबाहेर पडलेली नाही, आणि कधी कधी असंबद्ध बोलते, मनावर घेऊ नका. मी आत जाऊन एवढंच म्हटलं की आजी, माझे वडील एसटी चालवायचे, कामतीपुढे तुम्ही त्यांच्या गाडीत बसायचात. अण्णांच्या आजाराचं बोलले नाही, गेमचं तर नाहीच.

म्हातारी उठून बसली. त्या दिवसाचं काय झालं ते तिने स्वतःच सांगितलं. मागून दुधाचा टेम्पो आला, त्याने तिला नेलं. उलट एसटीच्या आधीच पोचली. त्याच दुपारी नवऱ्याला घरी सोडलं, म्हणून नंतर डबा न्यायची वेळ आली नाही. नवरा त्यापुढे बारा वर्षं जगला. हे सांगताना ती हसत होती. अण्णा मान खाली घालून बसले होते, त्यांचे खांदे हलत होते.

तिने हात पुढे केला, चाचपडत अण्णांचा हात शोधला. सापडला तो उजवा.

"त्या दिवशी थांबला न्हाईस, व्हय," ती म्हणाली. "पर आता थांबतोस की रोज."

लेक कसनुसं हसली.

येताना गाडीत अण्णा झोपून गेले. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा त्यांनी पाय स्वतःहून पुढे केला.

त्यानंतर महिन्याभरात गेमचं मोठं अपडेट आलं आणि त्यात मी ज्यासाठी पत्रं लिहिली होती ते सगळं होतं. कुठलं बटण कुठे, कुठल्या हाताला, अक्षर केवढं... सगळं ज्याचं त्याने ठरवायचं. लातूरच्या गृहस्थांनी रस्ताही नव्या गेममध्ये चालेल असा करून दिला. मी आनंदाने अण्णांची सगळी बटणं डाव्या बाजूला लावत बसले होते. त्यांनी मला थांबवलं.

"ब्रेक उजव्या हाताला दे."

मी म्हटलं, अण्णा, बोटं वळत नाहीत अजून. ते म्हणाले, वळतील. पहिल्या दिवशी बस तिऱ्ह्याचा थांबा ओलांडून शेतात गेली. आता बऱ्यापैकी जागेवर थांबते.

नव्या गेममध्ये कामतीपुढे कुणी चढत नाही. जुना गेम आणि जुना मोड मी दुसऱ्या लॅपटॉपवर जपून ठेवला होता. त्यावर अण्णांना एकदा मुद्दाम चालवायला लावलं. तिथेही आकडा वाढला नाही. शेवंताबाई बऱ्या आहेत, लेकीचा अधूनमधून फोन येतो. तुमची आई आमच्याकडे कशी येऊन गेली असेल, असं तिला विचारायचं माझ्या मनात खूपदा येतं, पण शब्दच जुळवता येत नाहीत.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. चौदाचे पंधरा होताना स्पष्ट दिसतात. लातूरच्या गृहस्थांनी ते अजून दोघा-तिघा जाणकारांना दाखवलं, त्यांनाही काही सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर जरूर लिहा. मी अण्णांनाही विचारलं होतं. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं की पुढं माचणूर आलंय, आता बोलू नकोस.