दोघंही कामावर, दोघंही गैरहजर

"ह्या अपग्रेडनं किती क्लार्क कमी होतील?" कापडियासाहेबांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले.

टेबलाभोवतीची माणसं हसली. माझ्या शेजारी बसलेले सबनीस मात्र हसले नाहीत, त्यांनी नुसता घसा खाकरला. सबनीस म्हणजे आमच्या खोपोलीच्या कागद कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर, म्हणजे कामगारांच्या भरतीपासून निवृत्तीपर्यंत सगळं बघणारे. कापडिया हे मुंबईच्या हेड ऑफिसातले फायनान्स डायरेक्टर. आणि मी त्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. विभागात मी धरून तीन माणसं होती, त्यामुळे प्रमुख वगैरे म्हणताना मलाही जरा हसू यायचं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. कॉम्प्युटर आला की माणसं घरी बसतात, असं कामगारही धरून चालत आणि मालकही. कामगार त्यामुळे घाबरत आणि मालक त्यामुळेच कॉम्प्युटर घेत. माणसं कमी न करणारा कॉम्प्युटर कशाला हवा, हे मुंबईतल्या त्या थंडगार खोलीत कोणालाच कळेना. कापडियासाहेबांनी हजेरीचं सॉफ्टवेअर नवं करायचं माझं प्रपोजल बाजूला सारलं आणि दुसरा कागद पुढे ओढला.

तो आमच्याच कॉम्प्युटरनं छापलेला होता. जुलै महिन्याचा गैरहजेरीचा रिपोर्ट, नावांशिवाय, नुसत्या खातेवार आकड्यांचा. खोपोलीचे कामगार लावणीच्या दिवसांत कारखान्यावर येतच नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. साहेब म्हणाले, "नवीन पेपर मशीन तुमच्याकडे टाकायचा विचार होता. अशा हजेरीवर कसं टाकणार? गुजरातच्या प्लांटमध्ये टाकू." ऑगस्टअखेर बोर्डाची मीटिंग होती, तिथे निर्णय व्हायचा होता.

ते मशीन आमच्याकडे आलं असतं तर आमचे बदली कामगार कायम झाले असते. बदली कामगार म्हणजे कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी बोलावतात तो. गेटवर येऊन उभं राहायचं, काम असलं तर आत जायचं, नसलं तर घरी परतायचं. असं वर्षानुवर्षं करणारी खालापूर आणि कर्जतच्या गावांतली माणसं आमच्याकडे होती. त्यांची आशा त्या एका कागदानं संपणार होती, आणि तो कागद माझ्या खोलीतून बाहेर पडलेला होता. परतीच्या गाडीत मला राग आला होता, आणि तो नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जुलैचं उत्पादन काढून बघितलं. कागद नेहमीइतकाच निघाला होता. एकही मशीन माणसाअभावी बंद राहिलं नव्हतं. म्हणजे रिपोर्ट खरा मानायचा तर आमच्याकडे गैरहजर माणसं कागद बनवत होती. पगाराची कुणाची तक्रार नव्हती. हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसातले क्लार्क वैद्य यांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "पगार आम्ही हातानं दुरुस्त करतो. दर जुलैत करतो. फोरमन सांगतो, अमका आला होता, की आम्ही मांडतो." पण ही दुरुस्ती फक्त पगारात होत होती. हजेरीच्या फाइलमध्ये माणूस गैरहजरच राहायचा, आणि मुंबईला जायचे ते त्याच फाइलवरून काढलेले आकडे.

मग मुळात तो गैरहजर का लागायचा? इथे आमच्या जुन्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं सांगायला हवं. मुंबईच्या एका कंपनीनं ते लिहून दिलं होतं. त्यात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे महिन्याची एकच शिफ्ट असे: पहिली, दुसरी किंवा रात्रपाळी. गेटवरच्या घड्याळात त्यानं कार्ड पंच केलं की ती वेळ आम्ही कॉम्प्युटरला देत असू. वेळ त्याच्या शिफ्टशी जुळली तर हजर, नाही जुळली तर गैरहजर. पहिल्या शिफ्टचा माणूस रात्री येऊन आठ तास राबला तरी कॉम्प्युटरच्या लेखी तो आलेलाच नसे. आणि ज्याच्याशी त्यानं पाळी बदलली तो सकाळी आला, तर तोही नसे. दोघंही कामावर, दोघंही गैरहजर.

आणि पाळ्या कशासाठी बदलल्या जात असतील, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझं माहेर कर्जतजवळच्या खेड्यातलं, भाताचं. लावणी एकट्या घरानं होत नाही. ती सावडीनं होते. आज दहा घरांनी माझ्या शेतावर यायचं, उद्या माझ्या घरातल्या माणसानं त्यांच्या शेतावर जायचं. ज्या दिवशी ज्याच्या शेताची पाळी, त्या दिवशी त्याच्या सावडीतली सगळी माणसं दिवसा मोकळी हवीत. कारखान्यात एका गावची माणसं एकाच खात्यात लागलेली, त्यांनी एकदम रजा घेतली तर खातं बंद पडायचं. म्हणून एका गावचे लोक आपली दिवसपाळी दुसऱ्या गावाला देत, आणि त्या गावची लावणी आली की ती फेडत. कारखान्यातल्या पाळ्यासुद्धा त्यांनी सावडीत घातल्या होत्या. कोणी रजा मागत नव्हतं, कोणी दांडी मारत नव्हतं. मला मोठी गंमत वाटली आणि अभिमानही वाटला. आमच्या प्लॅनिंग विभागाला हे जमलं नसतं.

अडचण अशी होती, की हे सगळं नियमाबाहेरचं होतं. पाळी बदलायची तर मॅनेजरची लेखी परवानगी हवी, असं कंपनीच्या नियमांत होतं. फोरमन तोंडी हो म्हणायचे आणि सगळे गप्प बसायचे. मी सबनिसांना हे सांगितलं, तर त्यांनी उठून दार लावलं. "हे प्रपोजलमध्ये लिहू नका. मी इतकी वर्षं झोपा काढत होतो, असं दिसेल. त्यापेक्षा दोन क्लार्क कमी होतील असं लिहा, कापडियासाहेब लगेच सही करतील." मी म्हटलं, क्लार्क कमी झाले तर रोजच्या बदललेल्या पाळ्या कॉम्प्युटरमध्ये भरणार कोण? सबनीस वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते.

कामगारांच्या बाजूनं बाळाराम आला. बाळाराम खालापूरकडचा, बदली कामगारांतला जुना. कोणाची पाळी कोणाला द्यायची हे त्याच्या डोक्यात असायचं. मी चौकशी करते आहे हे कानावर गेल्यावर तो कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसला.

"बाई, ह्ये तुमी कागदावर आणू नका. आमी कुणाचं नुसकान केलंय का? मशीन कदी थांबली का?"

"थांबली नाही. पण मुंबईच्या कागदावर तुम्ही सगळे कामचुकार आहात. नवीन मशीन त्यामुळेच जातंय."

त्याला हे माहीत नव्हतं. पगार बरोबर येत होता, म्हणजे सगळं बरोबर आहे असं त्यानं धरलं होतं. त्यानं चहाचा कप बाजूला सारला.

"आनि लिवलंत, तर पाळी बदलायचं बंद करतील. मग लावणी कशी व्हायची?"

लिहिलं तर लावणी अडकेल, नाही लिहिलं तर मशीन जाईल. उठताना त्यानं विचारलं, तुमच्या घरची लावणी कोण करतं? मी सांगितलं, आईवडील दोघंच, मिळाला तर एखादा मजूर. सावडीत जायचं तर घरातलं माणूस द्यावं लागतं. भाऊ बडोद्याला नोकरीला, मी कॉम्प्युटरपुढे. आम्ही कुणाला माणूस देऊ शकत नाही, म्हणून आमची सावड तुटली. बाळाराम कप उचलून गेला.

दोन दिवसांनी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. चपला बाहेर काढून उभा राहिला, कारण कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत.

"करा बाई. मान्सांना विचारलंय. पन नावं नाय द्यायची."

मी शब्द दिला.

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत माणसाची शिफ्ट रोजच्या रोज बदलता येत होती. कार्डाची वेळ वेगळ्या पाळीची असेल तर ती माणसाला गैरहजर न लावता "बदललेल्या पाळीत हजर" असं दाखवी. त्यासाठी मोठी डिस्क आणि जास्त मेमरी लागणार होती, सगळा खर्च तिथे होता. मी त्या कंपनीला फोन करून म्हटलं, विकायचंय ना, मग आधी चालवून दाखवा. रविवारी त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात आमच्या जुलैच्या हजेरीची टेप घेऊन गेले. तीच कार्डं, त्याच वेळा. संध्याकाळी नवा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो उभ्यानंच वाचला. गैरहजर माणसं जवळजवळ नव्हतीच. आपली माणसं खरी निघाली की आनंद होतो, तसा झाला.

माझ्या घरी, कर्जतच्या भिसेगावात, जेवणाच्या टेबलावर मी दोन्ही नाववार रिपोर्ट पसरले आणि कात्रीनं दोन्हींतला नावांचा रकाना कापून टाकला.

कापडियासाहेबांपुढे मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सावड काय असते ते सांगितलं. पाळ्या नियमाबाहेर बदलल्या जातात, हेही सांगितलं. सबनीस खिडकीकडे बघत बसले होते. साहेबांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"नावं कुठे आहेत?"

"माझ्याकडे आहेत. देणार नाही."

"तुम्ही कंपनीच्या नोकरीत आहात."

"म्हणूनच सांगते, सर. मागच्या मीटिंगला तुमच्यापुढे जो कागद होता तो आमच्या कॉम्प्युटरनं चुकीचा छापला होता. त्यावर तुम्ही नवीन मशीन दुसरीकडे पाठवताय. नावं घेऊन तुम्ही काही माणसांना मेमो द्याल. पुढच्या जुलैत ती रजा मागतील, आणि मग खरोखरच मशीन थांबेल."

तेवढ्यात अनपेक्षितपणे सबनीस बोलले. "सर, हे माझ्या माहितीत होतं. परवानगी लेखी नव्हती, पण मी अडवलंही नाही. कारण कामाचं कधी अडलं नाही." हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत होतं. माझा त्यांच्यावरचा सगळा राग त्या क्षणी गेला.

साहेबांनी उत्पादनाचे आकडे मागवले, हजेरीशी लावून बघितले, पुन्हा बघितले. मग हिशेबी माणसाला शोभेल असा प्रश्न विचारला. ओव्हरटाइम न देता हे लोक एकमेकांच्या पाळ्या भरतात? मी हो म्हटलं. "तर मग हे नियमात घ्या," ते म्हणाले. "आदल्या दिवशी दोघांनी सांगायचं, फोरमननं सही करायची. आणि मला सिस्टिममध्ये कारणाचा रकाना हवा. प्रत्येक बदलाचं कारण दिसलं पाहिजे." दार उघडताना पुन्हा वळले. "क्लार्क खरंच कमी नाही होणार?"

"नाही, सर."

अपग्रेड मंजूर झालं. बोर्डाच्या मीटिंगनंतर नवीन मशीनही खोपोलीला आलं. बदली कामगार एकेक करून कायम झाले. बाळारामचं नाव मी स्वतः कायम कामगारांच्या फाइलमध्ये टाइप केलं. ते काम माझं नव्हतं, पण मी कोणाला करू दिलं नाही.

पुढच्या वर्षी लावणीच्या दिवसांत आईचा निरोप आला, की येऊन जा. शनिवारी अर्धी रजा टाकून गेले. बांधावरून बघते तर आमच्या खाचरात माणसंच माणसं. पुढे बाळाराम, गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी. निम्मं शेत लावून झालेलं. वडील बांधावर नुसते उभे होते. इतक्या वर्षांत त्यांना नुसतं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बाळाराम, हे काय? आम्ही कुठे माणूस दिला होता?"

"दिल्ता की," तो न थांबता म्हणाला. "तुमी आमचं काम क्येलं. आता ह्ये तुमचं. सावड फिटली. चला, उतरा खाली, हुभ्या काय ऱ्हायल्या?"

मी साडी खोचली आणि उतरले. डोळ्यांत आलेलं पुसायला हात मोकळे नव्हते.

त्या महिन्याचा रिपोर्ट मुंबईला गेला आणि चौथ्या दिवशी कापडियासाहेबांचा फोन आला. त्या शनिवारी एका खात्याच्या पाळ्या ओळीनं बदललेल्या होत्या. दोघांनी आदल्या दिवशी सांगितलेलं, फोरमनची सही झालेली, सगळं नियमाप्रमाणे. आणि त्यांनीच मागितलेल्या कारणाच्या रकान्यात वैद्यांनी प्रत्येक नावापुढे, एकही न गाळता, टाइप केलं होतं: भातलावणी, कॉम्प्युटरवाल्या बाई.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सर, कारण आहे," मी म्हणाले.

पुढे मी बरीच अपग्रेड केली, बरीच प्रपोजलं लिहिली. नव्या कॉम्प्युटरचं कौतुक एकातही केलं नाही. जुन्या कॉम्प्युटरनं आपल्या माणसांबद्दल काय चुकीचं सांगितलं, ते आधी लिहायचे. मंजुरी मिळायची. क्लार्क मात्र माझ्यामुळे कधी कमी झाले नाहीत, आणि त्याबद्दल हेड ऑफिसनं मला शेवटपर्यंत माफ केलं नाही.