डेस्कटॉपवरचे बारसे

माझ्या नातीचे बारसे यंदा फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाले. नात आयर्लंडमध्ये होती. तिच्या कानात नाव सांगणारी आत्या, म्हणजे माझी मुलगी, वसईत एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या डेस्कटॉप संगणकासमोर बसली होती. संगणकाची व्यवस्था माझ्याकडे होती.

मुलगी खरे तर तिकडे जाणार होती. व्हिसा वेळेत आला नाही. बारसे पुढे ढकला, असे तिने भावाला सांगून पाहिले. पण सुनेच्या आईवडिलांचे परतीचे तिकीट काढून झाले होते आणि नातीचे बारसे त्यांना बघायचे होते, यात गैर काही नव्हते. मुलाने पर्याय काढला. तिथल्या ओळखीतल्या एक बाई आत्या म्हणून उभ्या राहतील, ताईने कॉलवर बघावे.

"नाव मी शोधलं आणि कानात सांगणार दुसरंच कोणी," मुलगी मला म्हणाली. "मग मी कोण? प्रेक्षक?"

नाव तिनेच शोधले होते. भाऊ आणि वहिनी सोडल्यास ते कोणालाही माहीत नव्हते. मी दोनदा आडून चौकशी केली, तेव्हा "बाबा, रविवारी कळेल" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी असे ठरले की ती वसईहून व्हिडिओ कॉलवर नाव सांगेल आणि सून आपला फोन बाळाच्या कानाशी धरेल. जमले नाहीच, तर त्या बाई होत्या.

कॉल मोबाईलवरून करावा, असे घरातल्या सर्वांचे मत होते. डेस्कटॉपचा आग्रह माझा. उभी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. अंगठ्याने टाइप केलेले मला लिहिलेले वाटत नाही. मेसेजसुद्धा मी संगणकावरच लिहितो, खुर्चीत बसून, चष्मा लावून, परिच्छेद पाडून. मग शुद्धलेखन तपासतो आणि पाठवतो. तोवर ग्रुपवर विषय बदललेला असतो. एका मेहुण्याला ताप आला होता, त्याची मी सविस्तर विचारपूस केली. ती पोचली तेव्हा तो अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून फोटो टाकत होता.

"तुमचा मेसेज येईपर्यंत माणूस बरा होतो," बायको म्हणाली. "औषधापेक्षा स्वस्त."

दुसरी अडचण एंटरच्या बटणाची. एंटर दाबले की नवी ओळ सुरू होते, हे बोटांना माहीत आहे. या ॲपमध्ये एंटर दाबले की मेसेज जातो, हे बोटांना अजून माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना एकदा माझ्याकडून नुसते "महोदय," एवढेच गेले. ते चप्पल घालून वर आले आणि काय झाले, म्हणून विचारून गेले.

शनिवारी मी चाचणी घेतली. स्टेशनजवळच्या दुकानातून कॅमेरा आणून मॉनिटरवर बसवला. आधी पडद्यावर माझे कपाळ आणि पंखा दिसत होता. कॅमेरा वाकवल्यावर मी दिसू लागलो. माझ्या मागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, म्हणून मागचे धूसर करण्याची सोय सुरू केली. राहिला आवाज. वरच्या फ्लॅटमध्ये फरशी कापण्याचे काम चालू होते. रविवारी असे काम करायचे नाही, हा सोसायटीचा नियम. पण हे काम लवकरात लवकर संपवावे, अशी चार परिच्छेदांची विनंती मीच सोसायटीच्या ग्रुपवर केली होती. कमिटीने ती मान्य केली आणि त्यांना रविवारचीही परवानगी दिली.

ॲपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय सापडली. मी ती सर्वांत वरच्या पातळीवर नेली आणि त्या दिवशीच्या पेपरचे पहिले पान मोठ्याने वाचून दाखवले.

"एकदम क्लिअर, बाबा," मुलगा तिकडून म्हणाला. "फरशीचा आवाज अजिबात नाही. रेडिओच्या बातम्या लावल्यासारखं वाटतंय."

चाचणी यशस्वी झाल्याचे मी ग्रुपवर कळवले. चाचणीत मी एकदाही कुजबुजलो नव्हतो.

रविवारी दुपारी माझी थोरली बहीण रिक्षाने आली. ती अजून आमच्या खाडीकाठच्या गावातच राहते. माझ्या दोन्ही मुलांच्या कानांत नाव तिनेच सांगितले होते. तिने वाडीतली केळी आणली होती, फुले आणली होती आणि कापडात गुंडाळून घरचा वरवंटा आणला होता. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचे, ही आमच्याकडची रीत. पाळणा आयर्लंडला असल्यामुळे बहिणीने वरवंटा कॅमेऱ्यासमोर धरला.

"आत्या, तुझ्या हातात काय आहे?" मुलाने विचारले.

"वरवंटा. तुझ्या वेळचाच."

"काहीच दिसत नाही. नुसतीच हात हलवतेयस."

ॲपला माणसे ओळखता येत होती. वरवंट्याची गणना त्याने मागच्या गठ्ठ्यांत केली होती. मी धूसर करण्याची सोय बंद केली. वरवंटा दिसला, गठ्ठेही दिसले. सुनेच्या आईने घर शिफ्ट करताय का, म्हणून आपुलकीने चौकशी केली.

मग मुख्य कार्य. तिकडे सकाळ होती. सुनेने बाळाला मांडीवर घेऊन फोन त्याच्या कानाशी आणला. मुलगी कॅमेऱ्याजवळ वाकली, तोंडाभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला आणि कुजबुजली.

सुनेने थोडा वेळ वाट पाहिली. "ताई, सांगा ना."

"सांगितलं की."

"म्यूट आहे बहुतेक," मुलगा म्हणाला.

"म्यूट नाही," मी सांगितले. "माझं लक्ष आहे."

"आता ऐकू येतंय?" मुलीने नेहमीच्या आवाजात विचारले.

"आता छान येतंय."

ती पुन्हा वाकली, पुन्हा कुजबुजली. तिकडे पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळेला कारण माझ्या लक्षात आले. कुजबुज हा ॲपच्या हिशेबी गोंगाट होता. फरशीचा आवाज आणि माझ्या मुलीचा आवाज ते सारख्याच तत्परतेने कापत होते. डेस्कवर एखाद्या उपसंपादकाने सांगितलेले काम इतके चोख केले असते, तर मी त्याचे नाव संपादकांना कळवले असते.

मी ती सोय बंद केली. त्याबरोबर वरची फरशी थेट आयर्लंडमध्ये कापली जाऊ लागली. बाळ दचकून रडायला लागले. मी सोय पुन्हा सुरू केली. मुलीने मोबाईलवरून करून पाहिले. ॲप तेच, निकाल तोच. आत जाऊन बेडरूमचे दार लावून पाहिले. फरशी बेडरूमच्याच डोक्यावर होती.

तिकडे पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या. त्यांचा हेतू चांगला होता. "मी सांगू का? वहिनींनी नाव माझ्या कानात सांगावं, मी बाळाच्या सांगते. बाळ ताटकळतंय हो."

मुलीने संगणकासमोरची खुर्ची आणखी पुढे ओढली.

"मोठ्यानं सांग गो," बहीण म्हणाली. "पोरीला कळल्याशी कारन."

"मोठ्याने सांगितलं तर तिच्याआधी तुम्ही सगळे ऐकणार, आत्या. तिकडचे सगळे ऐकणार. पहिल्यांदा तिनेच ऐकायचं असतं ना? तूच सांगितलंयस मला."

"मला दोन मिनिटं द्या," मी म्हणालो. "आणखी एक सेटिंग आहे."

"अहो, तुमची दोन मिनिटं झाली की पोरगी शाळेत जाईल," बायको म्हणाली.

मुलीने खोलीभर नजर फिरवली. बायको, बहीण, मी. मग पडद्यावर पाहिले. तिकडे सोफ्याभोवती चार माणसे उभी होती.

"सगळे बाहेर जा," ती म्हणाली. "इकडचे पण आणि तिकडचे पण. वहिनी आणि बाळ, दोघीच थांबा. वहिनीला नाव माहीत आहे. मला हळू बोलता येत नाही ना, मग ऐकणारं कोणी ठेवायचं नाही."

पडद्यावर मुलाने मागच्या अंगणाचे दार उघडले.

"मी थांबतो," मी म्हणालो. "मध्येच काही बिघडलं तर?"

"बिघडवायला आता काय ठेवलंयस?" बहीण म्हणाली. "चल, चपला घाल."

आम्ही तिघे जिन्यावर आलो. बायको आणि बहीण ठेवणीतल्या साड्यांत होत्या, बहिणीच्या हातात कुंची घातलेला वरवंटा होता. समोरच्या फ्लॅटचे दार उघडले.

"लाइट गेली काय?" शेजारणीने विचारले.

"नाय, बारसं हाय," बहीण म्हणाली.

"अय्या. बाळ कुठे आहे?"

"आयर्लंडला."

शेजारीण वरवंट्याकडे बघत राहिली. बायकोने तिला हलक्या आवाजात सगळे समजावले. ती ऐकत असताना बहीण माझ्याकडे वळली.

"पोराच्या बारशाला पन तू बाहेरच होतास. पेपरात."

"ड्यूटी होती," मी म्हणालो.

"आज कोनती हाय?"

मी दाराजवळ सरकलो. संपादकांच्या केबिनच्या बंद दाराबाहेर उभे राहून आत काय चालले आहे याचा अंदाज घेण्याचे काम मी पूर्वी अनेकदा केले आहे आणि अंदाज बरे निघाले आहेत. या वेळी फरशीखेरीज काहीही ऐकू आले नाही. बायकोने माझा शर्ट धरून मला मागे ओढले.

दार मुलीनेच उघडले. तिचे डोळे लाल होते. तिने आम्हाला नाव सांगितले, शेजारणीलाही सांगितले. बहिणीने ते दोनदा म्हणून पाहिले आणि भाचीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडली. मग तिने केळ्यांचा घड सोडला.

आत काय घडले ते मी पाहिलेले नाही. पुढचा तपशील मुलीने आणि सुनेने मला स्वतंत्रपणे सांगितला. दोघींचे सांगणे जुळते. मुलीने नाव नेहमीच्या आवाजात सांगितले. फोन बाळाच्या उजव्या कानाशी होता. मुलगा, सुनेचे आईवडील आणि त्या बाई अंगणात होत्या. तिथे बारीक पाऊस पडत होता आणि दार लावलेले होते. सून गप्प होती.

बाळ जागे होते.