उडवला, म्हणजे गेला कुठे?

संघमित्रा बाईंना राग आला की त्या ओरडत नाहीत, खडू मोडतात. आमच्या उलव्याच्या शाळेत शास्त्र शिकवताना त्यांनी इतके खडू मोडले की शिपाई मारोती त्यांना तुकडेच द्यायला लागला.

बाईंचे वडील परभणीकडचे, न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचे. कंटेनर जहाजावर चढला की लहानगी संघमित्रा विचारायची, "गेला कुठे?" तो प्रश्न तिला जन्माचा चिकटला. वर्गात कोणी म्हणालं, "बाई, पाणी आटलं," की बाई विचारणारच, "आटलं म्हणजे गेलं कुठे?" मुलं त्यांची नक्कल करायची, पण उत्तरही शोधायची.

इतकी वर्षं त्या हंगामी होत्या. वडिलांचे गुडघे गेलेले, घर बाईंवर. यंदा त्या कायम होणार असं ठरलं, आणि नेमकं यंदाच विज्ञान प्रदर्शन आलं.

खर्च संस्थेचे अध्यक्ष गोटीराम शेठ यांचा. शेठ आधी शेतकरी, मग बिल्डर, आता एसीचे डीलर. शाळेत बसणारे नवे एसी त्यांच्याच दुकानातले. प्रदर्शनाच्या फलकावरचं वाक्यही त्यांनीच पाठवलं: 'ओझोन थराचा खरा शत्रू ज्वालामुखी!' मी चित्रकला शिकवतो, म्हणून ते रंगवायचं माझ्या गळ्यात. बाईंनी वाचलं आणि माझ्या हातातला ब्रशच हिसकावला.

"ज्वालामुखीचा क्लोरीन बराचसा त्याच्याच वाफेच्या पावसात धुऊन खाली येतो. वर टिकतं ते गंधक. त्याचे बारीक थेंब होऊन वर्ष-दोन वर्षं तरंगतात. आपल्या जुन्या फ्रीज-एसीतून गेलेला क्लोरीन वर गप्प पडलेला असतो. त्याला त्या थेंबांवर बसायला जागा मिळते, मग तो मोकळा होऊन ओझोन तोडतो. आपला क्लोरीन नसता, तर त्या थेंबांनी फारसं बिघडलं नसतं. ज्वालामुखीने टपरी टाकली असेल हो, पण तिथे जमणारी टोळी आपली आहे!"

मुख्याध्यापिका चारुलता मॅडम दारातून म्हणाल्या, "संघमित्रा, वाक्य राहू दे. तुझ्या ऑर्डरवर शेठचीच सही व्हायची आहे."

बाईंनी ब्रश मला परत दिला. मी वाक्य रंगवलं.

प्रदर्शनाच्या सकाळी त्या वाळत घातलेले नकाशे आणायला गच्चीवर गेल्या. शेठची माणसं जुने एसी काढत होती. गॅस सिलिंडरमध्ये भरून न घेता त्यांनी सरळ नळी कापली होती. सुस्स आवाज येत होता.

"काय करताय?"

"काय नाय मॅडम, गॅस उडवतोय. टेन्शन नको. उडवला की गेला."

बाई खाली आल्या तेव्हा हॉलमध्ये शेठचं भाषण रंगात आलं होतं. "ज्वालामुखी एवढा धूर ओकतो, त्यापुढे आपला एसी म्हणजे किस झाड की पत्ती!" स्टाफ हसला. अजून आठवलं की संताप येतो, कारण शास्त्र शिकवणारे दोघे-तिघे त्यात होते.

बाईंनी सरळ माइक घेतला. "शेठ, तुमची माणसं आत्ता गच्चीवर जुन्या एसीचा गॅस उडवतायत. त्यात क्लोरीन आहे. उडवला, म्हणजे गेला कुठे?"

"मॅडम, आता काय पोलीस बोलावू का? उडवला तो गेला!"

मागच्या बाकांवरून अख्खा सातवीचा वर्ग एका सुरात ओरडला, "गेला कुठे?"

चारुलता मॅडम माइकची वायर उपटायला धावल्या. पण फीत कापायला आलेल्या गोजराआजी, शेठच्या बायको, खुर्चीतून उठल्या.

"आपला डोंगर बी सुरुंग लावून असाच उरवला व्हता ना? उरवला तं गेला, असाच बोलले व्हते सगले. गेला कुठं? धूल होऊन माझ्या घरान, माझ्या छातीन बसला हाय. मंग ही बाय काय खोटा बोलतं?"

बायकोवर चिडायची शेठची हिंमत नव्हती. तो राग त्यांनी बरोबर जागी काढला. पुढच्याच सोमवारी बाईंची ऑर्डर आली नाही, आणि हंगामी नेमणूकही संपवल्याचं सांगण्यात आलं. चूक कोणाची, नोकरी कोणाची गेली! स्टाफरूममध्ये सगळे चहा पीत हळूच म्हणत होते, "बाईंना उडवलं."

फलक अजून भिंतीवर आहे. सातवीतली मुलं मला विचारतात, "सर, बाईंना उडवलं, मग त्या गेल्या कुठे?" आता तर त्यांना उत्तरही ठाऊक आहे, तरी मुद्दाम विचारतात.

शेठची इमारत गोजराआजींच्या नावावर आहे. तिच्या तळमजल्यावरचा गाळा आजींनी बाईंना शिकवणीसाठी उघडून दिला. संध्याकाळी शेठ वर आपल्या घराच्या गॅलरीत एसीच्या बाहेरच्या खोक्याला पाठ टेकून चहा घेतात, आणि खालून तीसेक पोरं गळा काढून विचारतात, "गेला कुठे?"