साडेनऊ फुटांचा आकडा

भाचीने संगणकाच्या तक्त्यात एक सूत्र घातलं आणि दोन ओळींच्या मधला आकडा क्षणात उमटला. तो बघताना सुर्ल्याच्या धक्क्यावरची तांबडी धूळ पुन्हा माझ्या दातांखाली करकरली.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी तिथे कारकून होते. खनिज वाहणारी बार्ज भरल्यावर पाण्यात किती फूट बसली ते बघायचं, तक्त्यातून मालाचं वजन काढायचं आणि सही करायची, हे माझं काम. नऊ फुटांना पाचशे टन, दहाला सहाशे. मे सरत आला होता, दर्या खवळू लागला होता, म्हणून पाचशे वीसच्या वर भरायला मनाई होती. त्या सकाळी पाणी बार्जवरच्या साडेनऊच्या खुणेवर होतं.

"नऊचो आकडो घाल आनी सही कर," सुपरवायझर म्हणाले. "साडेनऊची ओळ तक्त्यात खंय आसा?"

"तक्त्यात नाय, पण पाणी थंयच आसा," मी म्हटलं. "साडेपाचशे टन झाले. मी सही करूची नाय."

मी पेन टेबलावर ठेवून दिलं. बार्ज चालवणारा तांडेल दारातून ऐकत होता. शेवटी बेळगावच्या कामगारांनी दुपारपर्यंत टोपल्यांनी तीस टन माल उतरवला, तेव्हाच मी सही केली.

पुढच्याच महिन्यात मला डिचोलीला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. तेव्हा मी रडले होते. आज मात्र त्या दुपारचा बार्जचा भोंगाच आठवतो. निघताना तो एकदा वाजवायची रीत होती. तांडेलाने माझ्या खिडकीकडे बघत तीनदा वाजवला.